आमचा पाट आणि आमची हौस

आमचा पाट फार जुना आहे. किती जुना ते विचारू नका, गावात जितकी तोंडं तितकी शतकं. ओट्यावरचे म्हातारे सांगतात की पाटाचा बंधारा पांडवांनी एका रात्रीत बांधला. या पांडवांना वनवासात दुसरा उद्योगच नव्हता बहुतेक. सगळी लेणी त्यांनी कोरली, सगळी पडकी देवळं त्यांनी उभारली, सगळे बंधारे त्यांनी घातले, आणि जे केलं ते रात्रीतून. दिवसा झोपा काढत असतील. माझे सासरे वेगळं सांगायचे. म्हणायचे, "पांडव कुठले आलेत, आपल्याच लोकांनी बांधला, तोही भांडत भांडत. म्हणून तर सरळ नाही." मला हे जास्त पटतं.

धुळ्याहून साक्रीकडं निघालं की पांझरेच्या काठानं असे पाट असलेली गावं लागतात. नदीत दगडचुन्याचा बुटका बंधारा, आणि त्याच्या खांद्यापासून निघालेला मातीचा पाट. मोटार नाही, वीज नाही, बटण नाही. नदीचं पाणी नुसतं उतारानं चालत येतं, कोणाच्या आंब्याला वळसा घालतं, कोणाच्या बांधाला धरतं आणि शेताशेतात शिरतं. पाटाखालची जमीन मोठमोठ्या तुकड्यांत वाटलेली आहे, त्या एकेका तुकड्याला फड म्हणतात. ज्या फडात यंदा गहू ठरला तिथं सगळ्यांनी गहूच पेरायचा. कोणाला मध्येच कांद्याची हुक्की आली तर त्यानं ती स्वतःच्या विहिरीवर भागवावी. आमचं शेत शेवटच्या फडात. म्हणजे पंगतीत अगदी टोकाला बसलेल्या माणसासारखं, वाढपी पोचेपर्यंत भाजी संपलेली.

सासूसासऱ्यांच्या वेळी दिवाळी झाली की पाट साफ व्हायचा. घर तिथं माणूस, असा नियम. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचा. बाई दिलेली चालायची नाही, कारण बाई ही माणसात धरत नसत. बाईनं त्या माणसाची भाकरी घेऊन जायचं. पुढं विहिरी झाल्या, बोअर झाले, ज्याचं बटण त्याच्या हातात आलं, मग पाटाकडं बघतो कोण. तरणी पोरं सुरतेला नि नाशिकला गेली. पाटात बेशरमीची झाडं माजली. बेशरम तुम्हाला ठाऊक असेल, जांभळट फुलं येतात, गुरं तोंड लावत नाहीत, एक फांदी तोडली की दोन येतात. तिच्या बुडाशी गावानं फाटक्या चपला, लग्नातल्या पत्रावळी, देवांचं निर्माल्य आणि पडलेल्या उमेदवारांचे बॅनर असं सगळं एकत्र नांदायला ठेवलं होतं.

वरच्या फडांना याचं काही वाटत नव्हतं, त्यांच्याकडं विहिरी. शेवटच्या फडात मात्र आम्हा बहुतेकांकडं विहीर नाही. खाली काळा खडक आहे, खणून खणून माणूस म्हातारा होतो पण पाणी लागत नाही. पाट चालू असला की आम्हाला रब्बी, नाहीतर आभाळाकडं बघत बसायचं.

आता आमचे दीर. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं. गावात सरपंच कोणी का असेना, बोलतात नानाच. वाटणीत त्यांना मधल्या फडातली विहिरीची जमीन गेली आणि आम्हाला शेवटची. का, ते माझ्या नवऱ्याला विचारा. ते म्हणतील, "जाऊ दे ना." आमच्या ह्यांनी आयुष्यात जे काही गमावलं ते या तीन शब्दांवर गमावलं. तर नानांनी ग्रामसभेत ठराव मांडला की पाट बुजवून त्यावरून सिमेंटचा रस्ता काढायचा, थेट हायवेला जोडायचा. नाना सभेत पुस्तकी मराठी बोलतात. चिडले की अहिराणीवर येतात.

"काळाची पावलं ओळखली पाहिजेत," ते म्हणाले. "पाट ही भूतकाळाची खूण आहे. रस्ता म्हणजे विकास."

मी मागं बायकांत बसले होते. मला राहवेना. म्हटलं, "नाना, आमच्या हरभऱ्याला रस्ता पाजायचा का?"

बायका हसल्या. नानांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे आता अहिराणी येणार.

"वहिनी, पाटमा पानी शे का? दखाडा माले पानी."

पाणी तर नव्हतंच. मी तरी काय दाखवणार. पण शेवटच्या फडातले लोक आता उठून उभे राहायला लागले होते, बोलाचाली वाढली, आणि शेवटी असं ठरलं की या रब्बीत पाटाचं पाणी शेवटच्या फडाच्या टोकाला पोचलं तर पाट राहील. नाही पोचलं तर होळीनंतर तो बुजवायचा आणि कोणी रडायचं नाही. हे ठरलं तेव्हा नाना हसले. त्यांना वाटलं, रस्ता झालाच.

मग पाट बचाव समिती निघाली. अध्यक्ष कोण व्हावं यावरून दोन भाऊबंदांत जुंपली. एकाला केलं तर दुसरा फावडं धरणार नाही, दुसऱ्याला केलं तर पहिला पाटात काटे टाकणार. शेवटी कोणीतरी म्हणालं, अक्काला करा. म्हणजे माझी निवड काही गुणांवर झाली नाही. मला हे मान्य आहे, आणि आपल्याकडं बहुतेक अध्यक्ष असेच होतात. समितीत उपाध्यक्ष झाले, सचिव झाले, प्रसिद्धिप्रमुख झाला, सल्लागार झाले. आधी बॅनर आला, त्यानंतर पुष्कळ दिवसांनी फावडी आली.

सल्लागार म्हणजे धुळ्यातल्या देवपूरचे साहेब. पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेले, तिथून स्कूटरवर यायचे, गळ्यात शिट्टी, डोक्यावर गोल टोपी. माणूस सोन्यासारखा. घरी बसून कंटाळले होते, त्यांच्या बायकोनं मला फोनवर सांगितलं, "अक्का, त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या." आम्ही ठेवून घेतलं.

पहिल्या दिवशी श्रमदानाला खूप लोक आले. फोटो काढून झाल्यावर थोडे उरले. दुसऱ्या दिवशी बायकाच जास्त. माणसं गावात नव्हती म्हणून आता आम्ही माणसांत धरल्या गेलो होतो. माझी मोठी सून, शेजारच्या दोघी, बचत गटातल्या सगळ्या, हातात विळे नि कोयते. बेशरम तोडताना हात चिकट होतात, अंगाला खाज सुटते, पण गप्पांना तोड नाही. एका लग्नातल्या पत्रावळींचा ढीग निघाला तर त्यावरून ते लग्न कोणाचं, जेवणात काय होतं, आणि नवरी आता कुठं नांदते, सगळं निघालं.

पुढं पुढं मात्र उत्साह ओसरला. साहेब शिट्टी वाजवून दमले. मग त्यांनीच युक्ती काढली. म्हणाले, "अक्का, आपण स्पर्धा लावू. खान्देशी माणूस कामाला नाही म्हणेल, हरायला नाही म्हणणार."

पाटाचे तुकडे पाडले, एकेक तुकडा एकेका फडाला वाटून दिला. ज्यांचा तुकडा सगळ्यात चांगला साफ होईल त्यांना बाकीच्यांनी भरीत खाऊ घालायचं. आता बाहेरच्या माणसाला यात काय ते कळणार नाही. आमच्याकडं थंडी पडली की भरीत पार्टी हा सण आहे, पंचांगात नाही इतकंच. माझी लेक भडगावला दिलेली आहे, ती दर वर्षी तिकडची हिरवी लांबट वांगी पाठवते. ती कपाशीच्या काड्यांवर भाजायची, हिरव्या मिरचीनं ठेचायची, वर कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. शेतात बसून खायचं. या भरितासाठी आमचा माणूस भावाशी बोलायला लागतो, मग पाट खणायला काय लागतं.

दुसऱ्या दिवशी पाटावर जत्रा. सुरतेची दोन पोरं सुट्टी काढून आली. आमचे हे, जे कधी ओटा सोडत नाहीत, तेही फावडं घेऊन उभे राहिले. मी म्हटलं, "आज तुम्ही जाऊ दे म्हणाला नाहीत."

"वांगी भडगावची ना?" ते म्हणाले.

पण चांगला साफ म्हणजे काय, हे कोणी ठरवलं नव्हतं. वरच्या फडानं गुडघाभर खणलं, म्हणून त्याच्या खालच्यानं मांडीभर खणलं. मग मापाचा वाद सुरू झाला. एक जण पाटात उभा राहायचा आणि दुसरा वरून सांगायचा, इथपर्यंत आला, तिथपर्यंत आला. मधल्या फडानं तर एक बुटका माणूस शोधून आणला, म्हणजे खोली जास्त दिसावी. गाळ निघाला, त्याखाली पिवळी माती निघाली, तिच्याखाली मुरूम निघाला, तरी थांबेनात. साहेब शिट्टी वाजवत पळत होते. "खोल कशाला, खोल कशाला, साफ करा फक्त," असं ते ओरडत होते म्हणे. पण त्यांनी स्पर्धा लावल्यावर शिट्टी म्हणजे शर्यतीची शिट्टी वाटली, लोक अजून जोरात खणायला लागले.

निघालेला गाळ ढिगानं पाटाच्या काठावर पडला होता. तो काळाभोर, लोण्यासारखा. आणि गाळ दिसला की शेतकऱ्याला झोप येत नाही, तो ट्रॉलीत भरून आपल्या वावरात नेतो. नाना पाटाच्या विरोधात होते, पण गाळाच्या विरोधात नव्हते. सगळ्यात जास्त ट्रॉल्या त्यांनी नेल्या. मी विचारलं तर म्हणाले, "रस्त्यासाठी जागा मोकळी करतोय, वहिनी."

भरीत मधल्या फडानं खाल्लं. आम्ही वाढलं. नानाही जेवले, त्यांची जमीन मधल्याच फडात ना. दोनदा मागून घेतलं.

मग पाणी सोडायचा दिवस आला. बंधाऱ्यावर नारळ फोडला, प्रसिद्धिप्रमुखानं व्हिडिओ काढला, पाटाच्या तोंडाची फळी उचलली आणि पाणी आत शिरलं. पुढं फेस, त्यावर काड्या, पानं, एक चप्पल, आणि मागं गढूळ पाणी. आम्ही बायका पाण्याच्या बरोबरीनं काठावरून चालत होतो, लग्नाच्या वरातीसारख्या. वरच्या फडाचा तुकडा पार झाला. मधल्या फडात पाणी शिरलं आणि थबकलं. खड्डा भरायला लागला. भरेल मग पुढं जाईल, असं म्हणून आम्ही बांधावर बसलो. भाकरी खाल्ली. पाणी तिथंच. संध्याकाळी मधल्या फडातल्या पाटात बेडूक आले, बगळे आले, आणि आमच्या शेवटच्या फडात पाटाच्या तळाला तडे गेलेले तसेच. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्या दिवशीही.

साहेब आले, पाटात उतरले, पँट वर करून कितीतरी वेळ उभे राहिले. मग टोपी काढली.

"अक्का, चूक माझी. मी स्पर्धा लावायला नको होती."

"चुकीचं नंतर बघू. पाणी कुठं जातंय?"

"खाली. पाटाच्या तळाला चिकण गाळाचं अस्तर असतं. वर्षानुवर्षं बसलेलं. ते पाणी धरतं. आपण ते खरडून काढलं, मुरूम उघडा पडला. मुरूम म्हणजे चाळणी. जितकं येतं तितकं पितो."

म्हणजे जो पाट इतकी वर्षं दुर्लक्षानं मेला नव्हता, तो आम्ही प्रेमानं मारला होता. गावात लगेच पसरलं. ओट्यावरचे म्हातारे म्हणाले, पांडवांनी एका रात्रीत बांधला आणि आमच्या अक्कानं एका महिन्यात संपवला. नानांचं मला जास्त लागलं. ते नुसते भेटले की विचारायचे, "वहिनी, होळी कधी आहे यंदा?"

खरं सांगते, तेव्हा माझा धीर गेला होता. हरभरा पेरलेला होता. पहिल्या ओलीवर उगवला, आता पाणी मागत होता. माझा तर होताच, पण माझ्या शब्दावर शेवटच्या फडातल्या इतर बायकांनीही पेरला होता. त्यातली एक रोज दाराशी यायची. टोचून बोलायची नाही, काही नाही. फक्त उभी राहून म्हणायची, "आज काय म्हणतो पाट?" जणू पाट माझ्या घरी पाहुणा आला आहे आणि तो आजारी आहे. मी तिला चहा द्यायची. दुसरं काय देणार.

साहेब म्हणाले, उपाय आहे. तोच गाळ परत आणून तळाला टाकायचा, ओला करायचा, तुडवायचा, की अस्तर परत बसेल. सोपं आहे. मी म्हटलं, साहेब, तुम्ही पाण्याचं शिकलात, माणसांचं नाही. वावरात पसरलेला गाळ परत द्यायचा म्हणजे ताटात वाढलेलं परत काढून घ्यायचं. दोनचार घरांनी दिला. तोही वरवरचा, ढेकळं नि काडीकचरा. चांगला गाळ सगळा नानांच्या वावरात, अजून ढिगानं पडून होता.

मी साहेबांना घेऊन नानांच्या घरी गेले. दुपार होती. नाना खाटेवर, माझी जाऊ उन्हात तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. साहेबांनी अस्तर, मुरूम, झिरपा सगळं नीट समजावलं. नानांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"एक पाटी माटी देवाव नही मी."

"नाना, ती माती पाटाची आहे," मी म्हटलं.

"मंग पाटनी काबर नही सांभाळी?"

मग पाटानं का नाही सांभाळली, हा त्यांचा सवाल. साहेब तर टोपी घालून निघायच्या बेतात. मी उठणारच होते, इतक्यात माझी जाऊ बोलली. ती शेंगा सोलता सोलताच बोलली, वर बघितलंही नाही.

"अक्का, आम्हना इहीरमा पानी उनं."

"काय?"

"पाटमा पानी सोडं ना तुम्ही, तवयपासून. दर साल या दिनमा इहीर तळ दखाडस. यंदा काठपर्यंत शे. हाई तुमले सांगानं नही म्हने."

नाना एकदम उठून बसले. "तू गप बस ना व."

आता कुठं मला कळलं. मधल्या फडातला पाट जे पाणी पीत होता ते खालून झिरपून नानांच्या विहिरीत चाललं होतं. इतके दिवस हा माणूस रोज सकाळी विहिरीत डोकावून येत होता आणि मला होळी विचारत होता. मी साहेबांकडं पाहिलं. ते गालातल्या गालात हसत होते, पहिल्यांदाच.

"म्हणूनच गाळ देत नाहीत," मी म्हटलं. "पाणी आपल्यातच राहावं."

"तसं नाही, वहिनी," नाना परत पुस्तकी झाले. "हा निसर्गाचा प्रश्न आहे."

पण माझ्या जावेचं बोलणं संपलं नव्हतं. तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं.

"मी काय म्हनस, रस्ता व्हयना म्हंजे पाट ऱ्हावाव नही. पाट नही तर झिरपा नही. मंग इहीरमाईन काय डांबर काढशात?"

"सिमेंटचा आहे रस्ता," नाना म्हणाले.

"मंग सिमेंट काढा."

साहेबांनी तिथंच बसून नानांना समजावलं की अस्तर परत बसलं तरी पाट काही पत्र्याचा डबा होत नाही, थोडं पाणी झिरपतंच, विहिरीला तेवढं दरवर्षी मिळत राहील. पूर्वीही मिळत होतं, म्हणून तर तुमच्या वडिलांनी विहीर तिथं खणली. नानांना हे माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माणसाला जे नको असतं ते तो माहीत असूनही विसरतो. पण आता बायकोसमोर विसरता येईना. त्यांनी खाटेखालच्या वहाणा पायानं ओढून घेतल्या. मग म्हणाले, "ट्रॅक्टर माझा जाईल. दुसऱ्याच्या ड्रायव्हरला मी हात लावू देणार नाही."

हे त्यांचं हो म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी गाळ यायला लागला. नानांचा ट्रॅक्टर पाहून बाकीचे लाजले, त्यांनीही ढेकळं सोडून खरा गाळ आणला. पाटाच्या तळाला पसरला, वरून थोडं थोडं पाणी सोडलं, आणि आता तुडवायचा कसा, तर साहेब म्हणाले, म्हशी फिरवा. गावातल्या सगळ्या म्हशी पाटात. म्हशीला चिखल म्हणजे माहेर. आत गेल्या त्या निघेनात. आम्ही बायका मागून हाकलतोय, म्हशी बसतायत, प्रसिद्धिप्रमुख घसरून पडला, त्याचा मोबाइल चिखलात गेला, आणि त्या दिवसाचा एकही व्हिडिओ निघाला नाही. आमच्या सगळ्या कामात बघण्यासारखा दिवस तो एकच होता. ज्या म्हशी दमल्या त्यांच्या जागी आम्ही उतरलो. साड्या खोचून, एकमेकींचे हात धरून, फेर धरल्यासारखं तुडवत होतो. घरात जमीन करताना पायानं माती दाबतो, तसंच, फक्त घर फार लांबलचक. माझ्या सुनेनं पाय रोवून दाबलं आणि म्हणाली, "आई, हे इथं आता पक्कं झालंय, पाय उचलत नाही." खरंच तिला दोघींनी ओढून काढावं लागलं.

मग काही दिवस ते बसू दिलं. आणि परत फळी उचलली. या वेळी नारळ नाही, व्हिडिओ नाही. सरपंच मात्र येऊन उभे, कारण ठराव होता. नानाही आले, हातात छत्री, जणू सहज फिरायला निघालेत.

पाणी वरच्या फडातून गेलं. मधल्या फडात शिरलं, आणि आम्ही सगळे काठावर वाकलो. खड्डा भरला. तिथं पाणी जरा वेळ फिरलं, भोवरा धरला. शेवटच्या फडातली ती बाई, रोज दाराशी येणारी, माझा दंड धरून उभी होती. तिची नखं लागत होती. मग पाण्यानं काठ धरला आणि ते पुढं सरकलं. काडी, पान, फेस. सगळे बरोबर चालायला लागलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा पाणी आमच्या फडाच्या सुरुवातीला होतं, आणि ऊन कलायच्या आधी टोकाच्या बांधाला जाऊन टेकलं. तिथं एक बारका खळगा होता, त्यात जमलं आणि थांबलं. जायला पुढं जागाच नव्हती.

सरपंच म्हणाले, "पोचलं." एवढंच. त्यांनी मोबाइल काढून कोणाला तरी फोन लावला आणि रस्त्याचं रद्द म्हणून सांगितलं.

पण आनंद करायला वेळ कोणाला होता. पाणी दिसलं तसे सगळे फावडी घेऊन आपापल्या बांधाकडं पळाले. आधी मी, आधी मी. एकानं दुसऱ्याची मेर, म्हणजे शेतातला बांध, फोडली. दुसऱ्यानं त्याच्या आजोबांपासून सुरुवात केली. तेव्हा मला आठवलं की समितीत उपाध्यक्ष आहे, सचिव आहे, प्रसिद्धिप्रमुख आहे, सल्लागार आहेत, आणि पाणी वळवणारा कोणीच नाही. आम्ही पाटकरी नेमायला विसरलो होतो. पाटकरी म्हणजे गावानं नेमलेला पाण्याचा माणूस. शेतात पाणी त्यानंच सोडायचं, मालकानं फावड्याला हातही लावायचा नाही, असा जुना दंडक. ज्यानं हा दंडक घातला त्याला आमच्या लोकांची चांगली ओळख असणार.

तिथंच बांधावर सभा भरली. पाटकरी कोण होणार विचारल्यावर कोणीच पुढं येईना, कारण त्यात उन्हातान्हात फिरायचं, सगळ्यांच्या शिव्या खायच्या आणि स्वतःच्या शेताला सगळ्यात शेवटी पाणी द्यायचं. नाना छत्री मिटवून म्हणाले, "जबाबदार माणूस पाहिजे. ज्याचं लोक ऐकतात असा."

"म्हणजे तुम्ही," मी म्हटलं.

"माझं म्हणणं तसं नव्हतं, वहिनी."

तेवढ्यात मागून माझी जाऊ बोलली. "त्यास्लेच करा अक्का. दिनभर घरना बाहेर तरी राहतीन."

सगळे हसले आणि त्या हसण्यातच ठराव झाला. नानांना नाही म्हणायला जागा राहिली नाही. त्यांनी तिथल्या एकाच्या हातून फावडं घेतलं आणि फुटलेली मेर आधी बुजवली, शिव्या देत. मग रोज येणाऱ्या त्या बाईच्या हरभऱ्यात पहिलं पाणी सोडलं, कारण पाळी टोकापासून सुरू होते आणि तिचं शेत टोकाला. माझी पाळी त्यानंतर आली.

अजूनही नानाच पाटकरी आहेत. सकाळी चहा घेऊन निघतात, खांद्यावर फावडं, पायात गमबूट. आणि डोक्याला ताप झाला आहे हो. परवा माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. माझ्या सुनेनं देवाची फुलं पाटात टाकली म्हणे. मी म्हटलं, थोडीशी होती, वाहून जातील. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.